उसाचा पैसा, यात्रेचा खर्च आणि खिशातले कार्ड



गाळप हंगाम आटोपला, बिल खात्यावर पडले की घरोघरी यात्रेचा विषय निघतो. कुणाला अक्षय्य तृतीयेनंतर चारधाम गाठायचे असते, कुणाला काशी, कुणाला तिरुपती. मुलांना कोकणचा समुद्र पाहायचा असतो. वर्षभर रात्रीच्या लाईटीवर पाणी धरलेल्या माणसाने चार दिवस बाहेर पडावे, यात गैर काही नाही. आमचे सांगणे एवढेच, की त्या चार दिवसांचे ओझे पुढच्या खोडव्यावर पडू नये. पूर्वी असे ओझे सावकाराच्या वहीतून येई. आता ते खिशातल्या कार्डातूनही येऊ लागले आहे. म्हणून या अंकात बेणे-खत बाजूला ठेवून थोडे कार्डाविषयी लिहीत आहोत.

तीन कार्डे, तीन कामे

शिवारात फिरताना आम्हाला दिसते की नावांचा घोटाळा फार होतो. म्हणून आधी तो सोडवू.

पहिले डेबिट कार्ड, म्हणजे आपले नेहमीचे एटीएमचे कार्ड. यातून जातो तो आपल्याच खात्यातला पैसा. खाते रिकामे झाले की खर्च थांबतो.

दुसरे किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ साली सुरू झाली, ती पिकाला वेळेवर भांडवल मिळावे म्हणून. कर्जमर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या व घरखर्चाच्या गरजेसाठी धरलेली असते, हे खरे. पण बाकीचा पैसा बेणे, खत, औषधे आणि मजुरीचा आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, मुदतीत फेडल्यास त्यात ३ टक्के सवलत. आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर फेडणाऱ्याला हे कर्ज शून्य टक्क्याने पडते. एवढा स्वस्त पैसा दुसरीकडे कुठे मिळत नाही. तो यात्रेत घातला, लागणीला खत कमी पडले आणि कर्ज थकले, तर सवलतही गेली आणि उताराही गेला.

तिसरे बँकेचे साधे क्रेडिट कार्ड. ही बँकेची उचल आहे. आपल्या बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. हंगामापूर्वी मुकादमाकडून पैसे घेतलेला कोयता पुढे थंडी-वाऱ्यात फडात राबून ते फेडतो. पैसा आज हातात येतो, फेड मात्र उद्याच्या घामातून होते. कार्डाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की इथे मुकादम दिसत नाही.

उसाचे पंचांग वेगळे, कार्डाचे वेगळे

कार्ड मुळात पगारदाराच्या सोयीचे आहे. त्याला पगार दर महिन्याला येतो आणि कार्डाचे बिलही दर महिन्याला येते. आपला ऊस असा पैसा देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेली आडसाली सोळा-अठरा महिन्यांनी तुटते. सुरू लागणीलाही बारा महिने लागतात. कार्ड मात्र दर महिन्याला दारात उभे राहते. ऊस फडात उभा आहे म्हणून बँक थांबत नाही.

कुणी म्हणेल, “बिल येणारच आहे, तोवर कार्डावर भागवू.” १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. पण कारखान्यात काम करीत असूनही आम्ही स्पष्ट सांगतो, की पैसा खात्यावर जमा झाल्याशिवाय तो आला असे धरू नका. तोड लांबते, पाऊस येतो, गाडी मिळत नाही. शिवाय बिलातून सोसायटीची वसुली आधी होते. हातात काय उरते ते पाहूनच यात्रेची तारीख धरावी.

व्याज टनात मोजा

बँकेचे व्याज टक्क्यात वाचले की लहान वाटते. आपण ते उसात मोजू.

पुष्कळ कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. समजा, चारधामसाठी ४०,००० रुपये कार्डावर खर्च झाले आणि बिल पूर्ण भरले नाही. महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर कर २५२ रुपये, एकूण १,६५२ रुपये. २०२५-२६ च्या हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होता. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात येते ते याहून कमी. म्हणजे एका महिन्याच्या व्याजात अर्धा टन ऊस गेला. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून लहान आकडा छापलेला असतो. तेवढाच भरत राहिल्यास सहा महिन्यांत नऊ हजारांच्या आसपास रक्कम व्याज-करापोटी जाते आणि मुद्दल बरेचसे तसेच राहते. तीन टनांच्या आसपास ऊस तोडला, वाहिला आणि बँकेला घातला, असा त्याचा अर्थ!

२००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावरचे ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा दराला लगाम कुणी घालील याची वाट न पाहता आपल्या खर्चाला आपणच लगाम घातलेला बरा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्डाची थकबाकी सिबिलच्या नोंदीत जाते. पुढे ट्रॅक्टर किंवा ठिबकसाठी कर्ज मागायला गेलो की यात्रेची ती जुनी थकबाकी आडवी येते.

मग कार्ड फेकून द्यावे काय?

तसे नाही. पैसा आधीच बचत खात्यात पडून असेल, तर कार्ड सोयीचे आहे. गर्दीत रोकड बाळगावी लागत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी निघते. ते घरबसल्या करता येते.

बिनव्याजी मुदत कशी चालते, तेही पाहा. समजा, बिल १० तारखेला निघते आणि भरायची शेवटची तारीख ३० आहे. ११ एप्रिलला काढलेले तिकीट १० मेच्या बिलात येईल आणि ३० मेपर्यंत भरता येईल. तेच ९ एप्रिलला काढले तर ३० एप्रिललाच पैसे द्यावे लागतील. ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच आहे. थोडीही बाकी ठेवली तर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते आणि नव्या खरेदीचीही सवलत जाते.

ज्यांच्या घरी दुधाचा पैसा नियमित येतो, किंवा मुलगा-सून नोकरीला आहेत, त्यांना महिन्याचे बिल झेपते. ज्यांचे सारे उसावर आहे, त्यांनी डेबिट कार्डावरच भागवावे.

यात्रेला निघण्यापूर्वी

१. खर्चाचा अंदाज कागदावर मांडा: भाडे, मुक्काम, जेवण, दानधर्म, खरेदी, औषधपाणी. वर दहावा हिस्सा अडीअडचणीला धरा. हा हिशेब नवरा-बायको दोघांनाही माहीत असावा.

२. ऊसबिल आले की आधी सोसायटी, मग खोडव्याचे खत, मग मुलांची फी. उरलेल्यातून यात्रेचा पैसा वेगळ्या खात्यात टाका. एका वर्षी जमले नाही तर दोन हंगामांची बचत करा. महिन्याला दोन हजारांची आवर्त ठेव ठेवली तरी वर्षाला २४,००० मुद्दल होते.

३. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख कधीही काढू नका. त्याला बिनव्याजी मुदत नसते. त्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळा आकार लागतो.

४. ‘शून्य व्याजाचे हप्ते’ म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि कर किती, ते विचारून घ्या.

५. चारधामची नोंदणी सरकारी आहे. ओटीपी कुणालाही सांगू नका. कार्ड हरवले तर तत्काळ बँकेला कळवून बंद करा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

६. न मागता कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नको असलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यास, बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्या आजा-पणजांनी सांगितले तेव्हा कार्ड नव्हते. तरी बोल आजही खरा आहे. देव काही हप्त्याने मिळत नाही. अवश्य यात्रा करा, मुलांना दुनिया दाखवा. पण निघताना खात्यात पैसा असू द्या आणि परत आल्यावर खोडव्याच्या खतासाठी हात मोकळा असू द्या.

या विषयी काही शंका असल्यास बँकेचा कागद घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे. आम्ही बरोबर बसून वाचू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते