प्रवरेच्या काठावरचे हिमयुग

डोंगरातील लहान हिमनदीचे काम दोन जागी चालते, तळाशी आणि पाठीमागे. शिखराखालच्या खोलगटात साठलेला बर्फ उन्हाळ्यातही पुरता वितळला नाही, की वर्षानुवर्षांच्या थरांच्या दाबाने तो घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतो. तळाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडत नेतात. पाठीमागच्या कड्याच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि खडकाचे चिरे सुटे करते. खोलगट असा मागे आणि खाली वाढत गेला, की आरामखुर्चीच्या आकाराचे हिमगव्हर तयार होते. दोन गव्हरे पाठीला पाठ लावून वाढली, तर मध्ये शुककूट हा धारदार कणा उरतो. पुढे बर्फ नाहीसा झाला तरी गव्हराच्या तळात तळे आणि त्याच्या ओठाशी दगडमातीचा बांध, म्हणजे हिमोढ, शिल्लक राहतो.

पर्माफ्रॉस्ट हा याच थंडीचा दुसरा कारागीर. सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यातील बर्फ सुट्या दगडांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. वरचा हातभर थर उन्हाळ्यात सुटतो, चिखल होऊन उतारावरून सावकाश घसरतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. लडाख आणि लाहौलमध्ये दगड व बर्फ मिळून जिभेसारखे पुढे सरकणारे शैल-हिमनद आढळतात. हे सिमेंट सुटले तर काय होते, ते सिक्कीममध्ये ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला दिसले. दक्षिण ल्होनाक सरोवरालगतच्या गोठलेल्या हिमोढाचा मोठा भाग पाण्यात कोसळला, सरोवर फुटले आणि तिस्ता नदीवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले.

प्रवरा नदीच्या अहिल्यानगर जिल्ह्यात यातले काहीच नाही, आणि हिमयुगातही नव्हते. याचा हिशेब सोपा आहे. समुद्रसपाटीला वर्षाचे सरासरी तापमान 27 अंश धरले आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश वजा केले, तर अकोले तालुक्याच्या सीमेवरील 1,646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर, म्हणजे राज्यातील सर्वांत उंच जागी, सोळा अंश उरतात. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे 21,000 वर्षांपूर्वी, त्यातून आणखी पाच-सहा अंश उतरले असे मानले तरी उत्तर दहाच्या आसपासच येते. जमीन कायम गोठायला ही सरासरी शून्याच्या खाली जावी लागते.

तरीही हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहून हिमगव्हराची आठवण व्हावी, इतका त्याचा अर्धवर्तुळाकार खोलगटपणा हुबेहूब आहे. हे साम्य फसवे आहे. कोकणकड्याला खुर्चीची बैठकच नाही. तळे नाही, हिमोढाचा बांध नाही, कडा थेट कोकणात तुटतो. लाव्ह्याचे आडवे थर त्यात एकावर एक स्पष्ट दिसतात. मऊ थर आधी झिजतात, वरच्या कठीण थराचा आधार जातो, उभ्या भेगांच्या रेषेत तो तुटून पडतो आणि कडा पूर्वेकडे सरकतो. गव्हरात बर्फ जे करतो, ते इथे मुसळधार पाऊस, धबधबे आणि गुरुत्व यांनी केले आहे. साम्रदजवळची सांधण दरीही पाण्याचीच. हिमनदीची दरी इंग्रजी यू अक्षराप्रमाणे रुंद तळाची असते, तर सांधण म्हणजे पाण्याने खडकातील भेगेचा माग काढत पाडलेली अरुंद चीर आहे.

पारनेर तालुक्यातील निघोजचे रांजणखळगे हे याहून बोलके उदाहरण. कुकडीच्या पुरात भोवऱ्यात सापडलेले गोटे बेसॉल्टच्या पात्रात गरगर फिरतात आणि खडकाला भोके पाडतात. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न शहरात 1872 मध्ये जमीन खणताना असेच खळगे सापडले, त्यातला सर्वांत खोल साडेनऊ मीटरचा आहे. ते हिमनदीच्या पोटातून जोराने वाहणाऱ्या वितळपाण्याने कोरलेले. पाणी बर्फाचे की पावसाचे, याचा खडकाला फरक पडत नाही. वेग आणि गोटे मात्र हवेत. निघोजच्या खळग्यांना ‘आशियातील सर्वांत मोठे’ ही बिरुदावली हौसेने लावली जाते. तिच्याविना त्यांचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

हिमनदीच्या प्रत्यक्ष खुणा महाराष्ट्रात मुळीच नाहीत, असे मात्र नाही. चंद्रपूरजवळ इरई गावी पैनगंगा खोऱ्यातील चुनखडीच्या खडकावर सरकत्या बर्फाने पाडलेले ओरखडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1870 च्या दशकात नोंदवले. त्यांच्यावर तालचीर थरांतील लहानमोठ्या धोंड्यांचे मिश्रण पसरले आहे. हा बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाकडे असतानाचा. अहिल्यानगरचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे फार नंतरचा. इथे तसल्या खुणा असल्याच, तर त्या लाव्ह्याखाली गाडलेल्या असणार.

हिमयुग अहिल्यानगर जिल्ह्यात पोहोचले ते पावसामार्फत. उत्तरेकडे बर्फाचे थर वाढले, समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली गेली, आशियाची भूमी पुरेशी तापेनाशी झाली आणि नैर्ऋत्य मोसमी वारे दुबळे पडले. आजही प्रवरेचे पाणी येते ते रतनगड-घाटघर परिसरातील धो धो पावसातून. संगमनेरच्या पुढे नदी पर्जन्यछायेत शिरते आणि वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर भागवते. घाटमाथ्याचा पाऊस घटला, की अशी नदी लगेच अशक्त होते. दुसरीकडे उतारांवरची झाडी विरळ होते आणि माती सुटते. गाळ जास्त आणि वाहून नेणारे पाणी कमी, अशा वेळी नदी पात्रात भर टाकत वर चढते.

डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी 1987 मध्ये ‘नेचर’मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांचा हाच क्रम मांडला: हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात, सुमारे 17,000 ते 10,000 वर्षांपूर्वी, गाळ साठला. पुढे मोसमी पाऊस बळावल्यावर पूर मोठे झाले, उतारांवर हिरवळ आल्याने गाळ कमी झाला आणि नद्यांनी आपलाच गाळ कापत पात्र खाली नेले.

संगमनेर परिसरात प्रवरेच्या काठची उभी दरड नीट पाहिली, तर हा क्रम दिसतो. खाली गोट्यांचा आणि वाळूचा थर, वर पिवळसर तपकिरी गाळाची जाड भिंत, तिच्यात हाताला बोचणाऱ्या पांढऱ्या चुनखडाच्या गाठी. कोरड्या हवामानात जमिनीतील पाणी उडून जाताना चुना मागे राहतो आणि त्याच्या अशा गाठी बनतात. पात्र खाली गेल्यावर काठावरून उतरणाऱ्या ओहोळांनाही खाली पोहोचणे भाग पडले. त्यांनी मऊ गाळात घळी कोरल्या, घळींना फाटे फुटले आणि नदीकाठी उत्खातभूमीचे पट्टे तयार झाले.

प्रत्येक थराचे वय इतके सरळ ठरत नाही. निघोजच्या वरच्या बाजूला, पुणे जिल्ह्यातील बोरी येथे कुकडीच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली. ती सुमात्रातील तोबाच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर संशोधकांत वाद झडला. राखेसोबत अश्मयुगीन हत्यारे असल्याने हा वाद भूविज्ञानापुरता राहिला नाही. नेवासे येथे ह. धी. सांकळिया यांनी 1954 ते 1956 दरम्यान केलेल्या उत्खननांमुळे आणि जवळच्या चिरकी येथे गुडरून कॉर्विनस यांनी 1966 नंतर केलेल्या कामामुळे प्रवरेच्या गोट्यांतील हत्यारे जगाला ठाऊक झाली. ही हत्यारे वर सांगितलेल्या गाळाहून फार जुनी. जोर्वे आणि दायमाबादचे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी मात्र नदी खाली गेल्यानंतरचे. त्यांनी गावे वसवली ती या उंच काठांवर.

आज त्याच काठांवर ऊस उभा आहे. बुलडोझर लावून घळी सपाट केल्या जातात आणि शेतीला जमीन मिळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फायद्याचाच व्यवहार, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण घळीबरोबर दरडही बुजते आणि थरांचा क्रम वाचण्याची जागा नाहीशी होते. संगमनेर ते नेवासे या पट्ट्यातील दोन-चार चांगल्या दरडी मोजमाप घेऊन, मालकांना मोबदला देऊन राखून ठेवाव्यात. जिल्हा प्रशासनाला हे काम फार खर्चाचे नाही.