रूपकुंडातली हाडं आणि चिपळूणचा पत्ता

परशुरामच्या देवळापासून खाली पाहिलं की वाशिष्ठीचं खोरं दिसतं. या डोंगराची कथा चिपळूणकडच्या बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. समुद्रातून चौदा प्रेतं वाहून आली, परशुरामाने ती चितेवर शुद्ध करून जिवंत केली आणि तेच पहिले चित्पावन. वीसेक वर्षांपूर्वी या कथेच्या शेजारी प्रेतांचीच दुसरी एक गोष्ट येऊन बसली. ती मात्र समुद्रापासून पाच हजार मीटर उंचीवरची होती.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी रूपकुंड नावाचं लहानसं तळं आहे. वर्षातला बराच काळ ते गोठलेलं असतं. १९४२ साली वनखात्याच्या एका अधिकाऱ्याला तिथे माणसांची हाडं दिसली. ती शेकडो माणसांची होती. २००४ मध्ये एका माहितीपटासाठी तिथे मोहीम गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी कवट्या तपासल्या. काहींवर बोथट वस्तू वरून आदळल्याच्या खुणा होत्या, म्हणून भयंकर गारपिटीचा तर्क पुढे आला. ऑक्सफर्डच्या कार्बन-कालमापनाने इसवी सन ८५० च्या आसपासचा काळ दिला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डीएनए तपासला गेला आणि बातमी आली की काही नमुन्यांतले जनुकीय बदल महाराष्ट्रातल्या कोकणस्थ, म्हणजेच चित्पावन ब्राह्मणांशी जुळतात. इंटरनेटवर ती बातमी आजही जशीच्या तशी फिरते आहे.

बातमी मोहात पाडणारी होती, पण तिचा पाया किती अरुंद होता ते समजून घेण्यासारखं आहे.

त्या काळी जुन्या हाडांतून बहुधा मायटोकाँड्रियातला डीएनएच हाती लागे. एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे हजार वर्षांनीही एखादी शिल्लक राहते. पण त्याची लांबी अवघी १६,५६९ अक्षरं, तर पेशीकेंद्रातला डीएनए तीन अब्ज अक्षरांचा. शिवाय तो फक्त आईकडून येतो. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १०२४ जागा होतात. मायटोकाँड्रिया त्यांतल्या एकाच बाईची खबर देतो. उरलेल्या १०२३ पूर्वजांबद्दल तो गप्प असतो. तेव्हा एका खुणेवरून आख्ख्या माणसाची, मग त्याच्या समाजाची आणि मग तळ्याकाठच्या शेकडो मृतांची ओळख ठरवणं म्हणजे एका आडनावावरून गावाची जनगणना करण्यासारखं आहे.

संपूर्ण डीएनए वाचणं इतकं अवघड का, हे चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. २००५ आणि २०२१ चा पूर इथल्या घराघरांत शिरला. पाण्यात राहिलेली वही आधी फुगते, मग शाई उतरते, पानं एकमेकांना चिकटतात आणि उरतात ते सुटे कपटे. हाडातल्या डीएनएचं असंच होतं. ऊब आणि ओल मिळाली की त्याची लांब साखळी तुटत जाते आणि चाळीस-पन्नास अक्षरांचे तुकडे उरतात. तुकड्यांच्या टोकांना सी या अक्षराच्या जागी टी वाचलं जातं. गंमत अशी की हीच झीज शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. तुकडा टोकाला असा झिजलेला असेल तर तो जुना. अगदी ताजा दिसला तर तो उत्खनन करणाऱ्याच्या घामातला किंवा थुंकीतला असण्याची शक्यता जास्त. स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं, त्यामागे अशा कपट्यांतून निअँडरथल माणसाचा जनुकसंच जुळवण्याची अनेक वर्षांची चिकाटी होती.

ही नवी पद्धत रूपकुंडच्या हाडांना लावली गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नीरज राय, कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइख, एडीन हार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ जणांचे जनुकसंच वाचले. त्यांतले २३ जण भारतीय उपखंडातले होते, पण आपापसांत इतके वेगवेगळे की त्यांना कोणत्याही एका समाजाचं नाव देता येत नाही. ते सातव्या ते दहाव्या शतकांदरम्यान वारले, तेही सगळे एकाच वेळी नव्हे. तळ्यावरून जाणाऱ्या नंदादेवीच्या यात्रेच्या वाटेवर असे मृत्यू पुन्हा पुन्हा घडले असावेत. एक जण आग्नेय आशियाई वंशाचा निघाला. आणि उरलेले १४ जण पूर्व भूमध्य सागराच्या परिसरातले, आजच्या ग्रीस आणि क्रीटमधल्या लोकांशी सर्वांत जवळचे!

चौदाच! हा आकडा वाचला तेव्हा मी क्षणभर थबकलो. परशुरामकथेतली चौदा प्रेतं आठवली, आणि घाऱ्या डोळ्यांवरून कोकणस्थांचं मूळ थेट ग्रीसला नेणाऱ्या गप्पाही आठवल्या. आता कुणीतरी हे दोन चौदा जोडणार, असं वाटलं. पण कालमापन तिथे ठामपणे आडवं येतं. भूमध्य सागराकडची ती माणसं साधारण १८०० च्या आसपास वारली. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ त्याआधी, १७१३ मध्येच पेशवे झाले होते. रूपकुंडावर ते परदेशी मेले तेव्हा कोकणस्थ घराण्यांना देशावर राज्यकारभार करून तीन पिढ्या उलटल्या होत्या. ती माणसं तिथे का गेली होती, हे कोडं आजही सुटलेलं नाही. मात्र ते चिपळूणचं कोडं नव्हे.

मला या बदललेल्या उत्तराचं वाईट वाटत नाही. पहिल्या वेळी हाताशी होतं तेवढ्यावर अंदाज बांधला गेला, मग त्याच तळ्याच्या हाडांनी तो खोडून काढला. यात सीसीएमबीचे शास्त्रज्ञ दोन्ही वेळी होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग हीच पद्धत कोकणातल्या आदिमानवाला लावता येईल का? राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं खोदणारे कोण होते, हे त्यांच्या हाडांना विचारायला हवं, आणि हाडंच मिळत नाहीत. जांभ्याची आम्लयुक्त माती आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस हाड शिल्लक ठेवत नाहीत. कोरड्या हरियाणातसुद्धा हे सोपं गेलं नाही. डॉ. वसंत शिंदे यांच्या चमूने राखीगढीतले ६१ नमुने तपासले, तेव्हा सिंधू संस्कृतीतल्या एकाच बाईचा जनुकसंच हाती आला.

तरी आशा आहे. इंडोनेशियातलं सुलावेसी बेट कोकणासारखंच दमट. तिथल्या एका गुहेत ७२०० वर्षांपूर्वी पुरलेल्या तरुणीचा डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला. तो मिळाला कवटीतल्या, आतल्या कानाभोवतीच्या हाडात. शरीरातलं हे सर्वांत घट्ट हाड, त्यामुळे ओल आत लवकर शिरत नाही. पाऊस न पोचणाऱ्या गुहा सह्याद्रीतही आहेत.

म्हणून एक विनंती. गुहेत, विहीर खणताना किंवा चिरेखाणीत जुनं हाड दिसलं तर ते धुऊ नका. उघड्या हाताने उचलू नका, घरी नेऊन उन्हात वाळवू नका. मातीसकट तिथेच राहू द्या, वर सावली करा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.