बर्डीची खरेदी आणि मारलेली तहान

सीताबर्डीच्या मेन रोडवर खरेदीला न गेलेला नागपूरकर विरळाच. साड्या, तयार कपडे, चपला, सारे एकाच रस्त्यावर मिळते. लग्नसराईत तर तेथे पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत काउंटरमागे दिवसभर उभ्या असलेल्या मुलींकडे मात्र आपले लक्ष जात नाही. दुकानांत काम करणाऱ्या अशा अनेकजणी माझ्याकडे एकाच तक्रारीसाठी येतात. लघवीला जळजळ होते, वारंवार जावेसे वाटते, ओटीपोट दुखते.

"दिवसभरात पाणी किती पितेस?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "पाणी पेलं की जा लागते, अन् दुकानात सोयच नाही ना!"

आपल्या नागपूरचा उन्हाळा साधा नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत घामावाटे बरेच पाणी जाते. त्यात पाणी प्यायलेच नाही तर लघवी कमी व दाट होते, तिच्यातील क्षार साठून मुतखडा होण्याची शक्यता वाढते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असल्याने जंतू मूत्राशयात सहज पोहोचतात. लघवी वेळच्या वेळी झाली तर ते धुऊन जातात. ती तासन् तास रोखून धरली तर त्यांची वाढ होते.

मग काय करावे? घोट घोट पाणी दिवसभर पीत राहावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर कमी पडते आहे, असे समजावे. दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त, यांपैकी काहीही आढळल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गर्भवतींनी तर साध्या जळजळीकडेही दुर्लक्ष करू नये. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणून दोन दिवसांत सोडून देणे धोक्याचे आहे.

परंतु जागाच नसेल तर हा सल्ला कागदावरच राहणार. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छतागृहाची तरतूद आहे. जागेची अडचण असल्यास अनेक मालकांना मिळून एकत्र सोय करण्याची मुभाही त्यात आहे. लहान दुकाने या तरतुदीत बसत नसली, तरी शेजारच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून एक स्वच्छतागृह बांधणे, त्यात पाणी व कडी ठेवणे अशक्य नाही. दुकानदार बंधूंनो, आजारपणाच्या रजांपेक्षा हा खर्च स्वस्त पडेल.

आणि ग्राहक भगिनींनो, दहावी साडी उलगडायला सांगण्यापूर्वी समोरच्या मुलीला पाच मिनिटे जाऊन येऊ द्या.