म्हैसूरची योगशाळा आणि मेंदूचा आरसा

१९३५ साली तेरेझ ब्रॉस नावाच्या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाई ठोके टिपणारं यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या. योगी मनात येईल तेव्हा हृदय थांबवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि ते खरं का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी ज्यांची तपासणी केली त्यांत म्हैसूरचे तिरुमलै कृष्णमाचार्य होते. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने ते जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवत. पुढे पुण्यात नाव काढलेले बी. के. एस. अय्यंगार हे याच शाळेचे विद्यार्थी आणि कृष्णमाचार्यांचे मेहुणे. ठोके जवळजवळ नाहीसे झाल्याचं ब्रॉसबाईंनी जाहीर केलं आणि ही बातमी जगभर गेली.

१९५७मध्ये अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे संशोधक हाच दावा पुन्हा तपासायला आले. दिल्लीच्या एम्सचे डॉ. आनंद त्यांना येऊन मिळाले. तोवर कृष्णमाचार्य मद्रासला राहायला गेले होते आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. या वेळी यंत्रं अधिक चांगली होती. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी बोटाला लागत नाही, स्टेथोस्कोपमध्येही ठोका ऐकू येत नाही. हृदय मात्र चालूच असतं. तपासलेल्या चौघांपैकी एकाने वेगळ्या रीतीने आपले ठोके खरोखर मंद करून दाखवले. हृदय थांबल्याचा दावा टिकला नाही, पण आपल्या इच्छेबाहेरचं मानलेलं शरीर थोडंफार ऐकतं, एवढं मात्र हाती लागलं. हे दुसरं सत्य मला पहिल्या चमत्कारापेक्षा मोठं वाटतं. आपल्याच मेंदूच्या लहरी पाहून त्या बदलायला शिकवणारा आजचा न्यूरोफीडबॅक उभा आहे तो याच पायावर.

या विषयात १९२४ या सालाला मान द्यायला हवा. त्या वर्षी जर्मनीत येना इथे हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करून योगाला प्रयोगशाळेत आणलं, तर म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उघडला गेला. विभागाचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला मानसशास्त्रज्ञ स्पीअरमन यांच्या हाताखाली शिकून आले होते.

न्यूरोफीडबॅकची रीत दिसायला साधी असते. टाळूवरचे केस बाजूला सारून, त्वचा पुसून, मलम लावून छोटी तबकडी चिकटवतात. कानाच्या पाळीलाही एक लावतात. आतून येणारा विद्युतदाब व्होल्टचे काही लाखांश भाग एवढाच असतो. संगणक त्याचे भाग पाडतो: सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनं म्हणजे डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते बारा अल्फा, त्यापुढे बीटा. हवी ती लहर वाढली की पडद्यावरचं चित्र हलतं किंवा मंजुळ सूर वाजतो, ओसरली की थांबतो. ‘असं कर’ असं कुणीच सांगत नाही. आरसा समोर धरला की भांग आपोआप सरळ पडू लागतो, तसा मेंदू हळूहळू आपली वाट शोधतो. बैठक साधारण अर्ध्या तासाची असते आणि अशा वीस-चाळीस बैठका लागतात.

हा सगळा मनाचा खेळ तर नव्हे? या शंकेला पहिलं उत्तर मांजरांनी दिलं. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी १९६०च्या दशकात मांजरांना सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांची लहर वाढवायला शिकवलं. लहर आली की बक्षीस म्हणून दूध मिळे. पुढे अग्निबाणाच्या विषारी इंधनाच्या चाचणीत हीच मांजरं झटक्यांना इतर मांजरांपेक्षा जास्त वेळ दाद देईनात. मांजरांना कुणी बरं होण्याची आशा दाखवलेली नव्हती. १९७२मध्ये स्टर्मन यांनी अपस्माराच्या रुग्णावर असाच प्रयोग प्रसिद्ध केला.

व्यसनमुक्तीकडे ही पद्धत आली १९८९ साली. यूजीन पेनिस्टन आणि पॉल कुलकोस्की यांनी दारूच्या आहारी गेलेल्या माजी सैनिकांना डोळे मिटवून अल्फा आणि थीटा लहरींचे सूर ऐकवले. निकाल उत्साहवर्धक होते, पण ज्यांना हे शिकवलं ते जेमतेम दहा जण. एवढ्या छोट्या गटावरून उपचार सिद्ध झाला असं म्हणता येत नाही, आणि पुढच्या अभ्यासांनी तितकंच ठाम उत्तर दिलेलं नाही.

चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी २०२१मध्ये छापून आली. ७ ते १० वयाच्या १४४ मुलांना ३८ बैठका दिल्या. काहींना खरा न्यूरोफीडबॅक मिळाला, काहींना हुबेहूब दिसणारा खोटा. कोणाला कोणता, हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नव्हतं. दोन्ही गट सारखेच सुधारले. १९५७च्या तपासणीत झालं तेच इथे झालं. यंत्राने दावा खाली उतरवला, पण मुलं सुधारली हेही खोटं नव्हतं. आपुलकीने वेळ देणारं माणूस, नेमाने येणं, स्वस्थ बसण्याचा सराव, यांतलं काय किती काम करतं हे वेगळं काढावं लागेल.

म्हैसूरहून दीडशेएक किलोमीटरवर बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मेंदूला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनात न्यूरोफीडबॅकचा अभ्यास झाला आहे. तिथे त्याला इतर उपचारांसोबतचं एक साधन म्हणून जागा आहे, आणि मला ती जागा योग्य वाटते. व्यसनमुक्तीत आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’ केंद्राचं काम डोळ्यांपुढे आहे. १९८६मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ते पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने उभं केलं. तिथला भर गटात बोलण्यावर, कामावर, योगावर आणि घरच्यांना सोबत घेण्यावर.

कोणी लहरींचं यंत्र दाखवून ‘इतक्या बैठकांत दारू सुटेल’ अशी हमी देत असेल, तर आधी विचारावं की खोट्या यंत्राशी तुलना केली आहे का, आणि बैठका संपल्यावर वर्षभराने रुग्णांची विचारपूस होते का. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षांची दारू एकदम बंद केली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांवर काढायचे असतात. टाळूवर तबकडी लावण्याचा विचार त्यानंतर.