सुट्टी, सायकल आणि मिस्त्रींचं दुकान

एप्रिल सरता सरता उज्जैनचा पारा चाळिशीपलीकडे जातो, शाळांना सुट्टी लागते आणि जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल मुलांना आठवते. या सुट्टीत नवी सायकल घेण्याआधी ती जुनी एकदा मिस्त्रींकडे नेऊन पाहा, हे सांगण्यासाठी हा लेख.

शोरूममधली सायकल ठरलेल्या मापात येते, मूल तसं येत नाही. कुणाची उंची एका सुट्टीत चार बोटं वाढते, कुणाचे हात आखूड असतात. चांगला मिस्त्री आधी मुलाला सीटवर बसवतो. पायडल खाली असताना टाच टेकून पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवड्याने मारताना गुडघ्याला किंचित बाक राहतो. अगदी नवशिक्याचे मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मग हँडल वर-खाली, सीट पुढे-मागे, हवं तर कॅरिअर आणि टोपली. जुन्या फ्रेमवर नवी चाकं चढवली की आजोबांची सायकल नातवाची होते. आपल्या पिढीने मात्र मोठ्यांच्याच सायकलीच्या त्रिकोणातून पाय घालून ‘कैंची’ मारली. माप वगैरे कोण बघत होतं!

ओव्हरहॉलिंगमध्ये छर्रे काढून रॉकेलमध्ये धुतात, ग्रीस भरतात, चेन साफ करतात. पण खरी कसोटी चाकाची. जुन्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. चाक डुलू लागलं की एकेक तार पाव-अर्धा वेढा आवळत, सैल करत ‘आऊट’ काढायचा. तारेला बोटाने टिचकी मारून आवाजावरून ताण ओळखणारे मिस्त्री अजून आहेत. ही विद्या पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी बसून येते.

आणि ती आता विरळ होत चालली आहे. पंक्चरच्या पैशांत घर चालणं कठीण, म्हणून मिस्त्रींची मुलं दुसरे धंदे धरतात. 3 जून 2020 रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातलं काम थांबलं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभारलं आहे. ते जरूर पाहावं. पण सायकल संग्रहालयात शोभते तशी रस्त्यावरही दिसायला हवी, आणि त्यासाठी दुरुस्तीचे हात हवेत.

उन्हाळ्यात सायकल केव्हा चालवायची, हे पंचक्रोशीचे यात्री शिकवतात. वैशाख कृष्ण दशमीपासून (आपल्या पंचांगात तो चैत्र वद्य) अमावास्येपर्यंत ते 118 किलोमीटर चालतात. पहाटे आणि सायंकाळी वाटचाल, दुपारी पडावावर विसावा. मुलांनीही सकाळी आठच्या आत घरी यावं. सोबत पाणी, डोक्याला टोपी, घरी आल्यावर कैरीचं पन्हं. सायकल उन्हात उभी करू नये: ट्यूबमधली हवा तापून फुगते आणि जुना टायर असेल तर फाटतो.

जायचं कुठे? चिंतामण गणेश सकाळच्या फेरीला उत्तम. सांदीपनी आश्रम आणि मंगलनाथ एका फेरीत होतात. क्षिप्रेकाठची, सवाई जयसिंहांची वेधशाळा तर हवीच. 21 जूनला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिथे शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी जवळून जातं. ढग नसले तर मुलांना हे दाखवाच. त्या दिवशी मात्र सायकल सावलीत ठेवून!

शेवटी एक विनंती. सायकल दुकानात टाकून ‘संध्याकाळी येतो’ म्हणू नका. मुलाला दोन सकाळी मिस्त्रींजवळ बसू द्या, पान्हा हातात घेऊ द्या, हात काळे होऊ द्या. आणि पैसे देताना घासाघीस करू नका. तो मोबदला दुरुस्तीचा तर असतोच, शिकवणीचाही असतो.