धूळ काकांची, खोकला काकूंचा



धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये काही घरांच्या मागे पहाटेपासून काम सुरू होते. साच्यात प्लास्टर ओतायचे, मूर्ती सोडवायची, घासायची, रंगवायची. दीक्षाभूमीवर येणारा माणूस पुस्तके घेतो, तशी एखादी बुद्धमूर्ती किंवा बाबासाहेबांचा अर्धपुतळाही घेतो. त्यातल्या कितीतरी मूर्ती अशाच एखाद्या टिनाच्या शेडमध्ये घडलेल्या असतात.

अशाच एका शेडची ही हकीकत. काका साइनबोर्ड रंगवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले, काकू अंगणवाडीत मदतनीस होत्या. दोघांनी निवृत्तीनंतर घरामागे दहा बाय बाराचे शेड टाकले. काका साचे भरतात आणि मूर्ती घासतात. काकू चीवर रंगवतात, डोळे काढतात. खिडकी एकच, ती काकूंच्या वाट्याला, कारण डोळे काढायला उजेड लागतो. नावे आम्ही देत नाही, पण सगळे लिहायला दोघांनी आनंदाने होकार दिला आहे.

काकूंना दीड वर्ष खोकला होता. रात्री उठून बसावे लागे. दवाखान्यात दर वेळी खोकल्याचे औषध मिळाले आणि "वय झाले" हे उत्तर मिळाले. आमच्या आरोग्य शिबिरातही त्या दोनदा येऊन गेल्या. आम्हीसुद्धा बीपी मोजले, गोळ्या नियमित घ्या म्हटले आणि पुढचे नाव पुकारले. ही आमची चूक आहे, ती आधी कबूल करतो.

चूक कुठे झाली? केसपेपरवर "व्यवसाय" असा एक रकाना असतो. काकूंच्या कागदावर तिथे "निवृत्त" लिहिले होते. निवृत्त म्हणजे घरी बसलेला माणूस, असे आम्ही धरून चाललो. इटलीत रामाझिनी नावाच्या डॉक्टरने 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर "तू काम काय करतोस?" हेही विचारा, असे त्याने डॉक्टरांना सांगितले होते. रंगाऱ्यांच्या आजारांवर त्यात वेगळे प्रकरण आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आम्ही विचारला नाही. एक दिवस मूर्ती घ्यायला घरी गेलो आणि शेडमध्ये पाऊल टाकताच आम्हालाच खोकला आला, तेव्हा उत्तर मिळाले.

धूळ कशी फिरते

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेल्या जिप्समची पूड. ती विष नाही. पण सुकलेली मूर्ती पॉलिश पेपरने घासली की फार बारीक धूळ उडते. जाड कण खाली पडतात, ते आपल्याला दिसतात. बारीक कण दिसत नाहीत, ते बराच वेळ हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. त्यामुळे नाक, घसा, श्वासनळ्या चिडतात. ज्याला दम्याची प्रवृत्ती आहे त्याला जास्त त्रास होतो.

काका घासत होते दाराजवळ. वारा दारातून आत येऊन खिडकीतून बाहेर जात होता, आणि खिडकीत काकू बसल्या होत्या. काकांनी तोंडाला रुमाल बांधलेला असे. काकूंनी काहीच बांधले नव्हते, कारण त्या प्लास्टरला हातच लावत नव्हत्या. संध्याकाळी झाडू मारला की बसलेली धूळ पुन्हा उठत होती.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर आधी टीबीची थुंकी तपासणी करायची, हा नियम पक्का. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. काकूंची केली, टीबी नव्हता. मग छातीचा फोटो आणि फुंकण्याची तपासणी झाली. श्वासनळ्या आकसलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी पंप सुरू केला. पंपाची सवय लागते, हा गैरसमज आहे. पंपातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून ते थोड्या मात्रेत पुरते.

रंग आणि नातू

शेडमध्ये आणखी एक जण असायचा, तीन वर्षांचा नातू. रंगाच्या डब्यांशी खेळायचा, बोटे तोंडात घालायचा. त्याला भूक नव्हती, पोट दुखायचे.

पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या ऑइल पेंटमध्ये पूर्वी शिशाचे क्षार सर्रास असत. घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी 2016 साली केंद्राने नियम केला. 1 नोव्हेंबर 2017 पासून अशा रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण हा नियम कारखान्यात वापरायच्या रंगांना लागू नाही. जुने डबे, सुटा विकला जाणारा रंग यांचाही भरवसा नाही. काकांकडे नोकरीच्या काळातले पिवळ्या रंगाचे डबे शिल्लक होते.

पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट जास्त शोषून घेते. ते मेंदूच्या वाढीला बाधा आणते, आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. पुष्कळदा बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. नातवाच्या रक्तात शिसे वाढलेले निघाले. पहिला उपचार एकच, शिशाचा स्रोत बंद करणे. जुने डबे हलवले, बाळाला शेडबंदी झाली, लोहाचे औषध दिले. तीन महिन्यांनी आकडा खाली आला. तपासणी अजून चालू आहे.

मोठ्यांनीही एक लक्षात घ्यावे. रंगाच्या हाताने खर्रा घोटणे, तोंडात टाकणे म्हणजे रंग खाणेच. खर्रा तसाही सोडायलाच हवा.

थिनर आणि मेणबत्ती

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते, आणि आपली माणसे जमिनीवर बसूनच काम करतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही तिची लक्षणे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा टिनाखाली वाफही जास्त होते आणि वयस्क माणसाला तहानही कमी लागते. दोन्ही मिळून चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो.

त्या शेडमध्ये एका फळीवर बुद्धमूर्ती होती आणि तिच्यापुढे रोज मेणबत्ती व अगरबत्ती लागत होती. फळीखाली थिनरची बाटली. जमिनीवरून सरकणारी वाफ ज्योतीपर्यंत पोहोचली तर क्षणात भडका होतो. आम्ही वंदनेची जागा घरात हलवायची विनंती केली. काकू म्हणाल्या, "सिस्टर, हे आधीच सांगायचं होतं." खरे होते.

आम्ही "बंद करा" म्हटले नाही

मुलगा म्हणत होता, शेडला कुलूप लावा. काकांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "सिस्टर, हात थांबला का मानूस खाटेले लागते." आम्हाला ते पटले. या वयात बोटे चालणे, नजर लावून काम करणे, दोघांनी मिळून दिवस काढणे आणि स्वतःचे चार पैसे हाती येणे, हे सगळे तब्येतीला धरूनच आहे. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. म्हणून काम तेच ठेवले, काम करण्याची रीत बदलली:

1. घासणे शेडबाहेर, उघड्यावर. वॉटर पेपर वापरून मूर्ती ओली करून घासायची, म्हणजे धूळ उडतच नाही.

2. झाडूऐवजी ओले फडके. कामाचे कपडे वेगळे, ते घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत.

3. धुळीसाठी, सोनेरी पावडर कालवतानासुद्धा, एन-95 मास्क. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. मात्र एन-95 थिनरची वाफ अडवत नाही. तिला मोकळी हवा हाच उपाय. भिंतीत जमिनीलगत समोरासमोर दोन झरोके पाडले.

4. रंगाचे हात थिनरने किंवा रॉकेलने धुवू नयेत. आधी खाण्याचे तेल चोळावे, मग साबण लावावा. जेवण, चहा शेडमध्ये नाही.

5. ओले प्लास्टर घट्ट होताना तापते. जाड थरात ते कातडी भाजण्याइतके गरम होते. त्यात हात रोवून ठेवू नये. उरलेले नालीत ओतू नये, नाली तुंबते.

6. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे. डोळे काढताना रेषा हलू लागली तर मोतीबिंदू तपासून घ्यावा.

या सगळ्याचा मोठा खर्च मास्कचा आणि झरोक्यांचा. काकूंचा खोकला दोन-तीन महिन्यांत बराच उतरला. पूर्ण गेलेला नाही, पंप चालू आहे. पण आता त्या रात्रभर झोपतात.

आपल्या वस्तीत मूर्ती करणारे, बॅनर रंगवणारे, शिलाई करणारे, अगरबत्ती वळणारे असे कितीतरी आजी-आजोबा आहेत, ज्यांच्या कागदावर "निवृत्त" लिहिलेले आहे. त्यांना दवाखान्यात नेताना हे लक्षात ठेवा. डॉक्टर विचारोत न विचारोत, आपणच सांगायचे: आमची आई घरामागे रंगकाम करते, रोज इतके तास, त्याच खोलीत वडील प्लास्टर घासतात. ही दोन वाक्ये सांगायला पैसे लागत नाहीत. काकूंच्या बाबतीत ती दीड वर्ष कोणी बोलले नाही.

नमो बुद्धाय, जयभीम.