दगडावरची आयत आणि वर्गातला प्रश्न

नेकनूरहून शाळेची सहल निघाली की मांजरसुंबा, बीड करत ती बहुधा औरंगाबादलाच जाते. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा. यंदा सहलीची तयारी चालू असताना नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "ताजमहाल तर सरकारचा आहे, मग त्याच्यावर कुरआन कसं?" तिचा प्रश्न भोळा होता. बाहेर हाच प्रश्न वेगळ्या सुरात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आपल्या घरात ठाऊक असावे.

वास्तू राष्ट्रीय ठरली म्हणून तिच्यावरचे लिखाण परके होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने अशा वास्तू जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. वास्तू जपायची म्हणजे तिच्यावरच्या अक्षरांसकट जपायची. दिल्लीच्या जुन्या संसद भवनात, म्हणजे आजच्या संविधान सदनात, लोकसभेच्या बाहेरच्या दालनातील कमानीवर सूरह रअदमधील आयतीचा भाग अरबीत लिहिलेला आहे. आपली हालत बदलायची तर आधी स्वतः बदलावे लागते, असा तिचा आशय. आत अध्यक्षांच्या आसनावर संस्कृत वचन आहे. राजमुद्रेखालचे शब्द मुंडक उपनिषदातले आहेत. हे आम्ही फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला.

ताजच्या मोठ्या दरवाजावर सूरह फज्र आहे. पांढऱ्या संगमरवरात काळा दगड बसवून केलेली ही अक्षरे वर जातील तशी मोठी होत जातात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती सारखीच दिसतात. ती लिहिणाऱ्या अमानत खान यांनी ताजच्या आत आपले नावही घातले आहे.

आमच्या मनाला जास्त भिडतो तो मकबऱ्याचा दरवाजा. पितळी पत्र्याने मढवलेल्या त्या दरवाजावर दोन कारागिरांची नावे आहेत: आराखडा करणारे अताउल्लाह आणि बांधकाम पाहणारे हंसपतराय. औरंगजेबाच्या बेगमेच्या कबरीवर ही दोन नावे शेजारी शेजारी कोरली गेली आणि साडेतीनशे वर्षे कुणाला खटकली नाहीत. गाईड सांगो न सांगो, मुलांना तिथे थांबवून ती जरूर दाखवावीत.

आता थोडे आपल्याच घरचे. आपली मुले नाजिरा फर्फर वाचतात, पण कमानीवरची वळणदार लिपी समोर आली की अडखळतात, आणि अर्थ तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. ताजला जायचे असेल तर आदल्या रात्री सूरह फज्र तर्जुम्यासह घरात एकदा वाचावी. लहानसहान चिरंजीव चावीने गिलाव्यावर नाव आणि बाण कोरतात, त्यांनाही समज द्यावी. संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सहलीच्या संमतिपत्राखाली ही ओळही घालावी, असे आम्ही मुख्याध्यापकांना सुचवले आहे.